जेएस ९३-०५ : चार दाण्यांच्या शेंगेच्या सोयाबीन वाणाचे परीक्षण

सोयाबीनच्या बियाण्यासोबत जी माहिती हाती पडते, तिच्यातील सगळ्या गोष्टी सारख्याच भरवशाच्या नसतात. पानाचा आकार, फुलाचा रंग, पक्व होण्यास लागणारे दिवस आणि दाण्याचे वजन हे गुण बियाण्याबरोबरच शेतात येतात आणि वाशीम जिल्ह्यातल्या बरड जमिनीतही जवळजवळ तसेच दिसतात. एकरी उत्पादनाचा आकडा मात्र बियाण्यासोबत येत नाही. तो जमीन, पाऊस, पेरणीची तारीख आणि शेवटपर्यंत टिकलेली झाडे यांच्या हिशेबातून ठरतो. जेएस ९३-०५ या वाणाचे परीक्षण करताना मी हा भेद सतत समोर ठेवला आहे, कारण आमच्या भागात या वाणाची जेवढी स्तुती आणि जेवढी निंदा कानावर येते, तिच्यातील बरीचशी या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होते.

हा वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा असून तो २००२ मध्ये प्रसारित झाला. सोयाबीन लागवडीच्या मध्य विभागात मध्य प्रदेशाबरोबर विदर्भ आणि मराठवाडाही मोडतात, त्यामुळे तो आपल्याकडे लवकर रुळला. त्याच विश्वविद्यालयाचा १९९४ चा जेएस ३३५ हा त्याचा मोठा भाऊ. विदर्भात सोयाबीन गावोगाव पोहोचवले ते याच ‘तीनशे पस्तीस’ने. म्हणून नव्या वाणाची तुलना अजूनही त्याच्याशीच होते आणि माझ्या शेतातही हे दोन्ही वाण शेजारी-शेजारी राहिलेले आहेत. आमची जमीन एकसारखी नाही. नाल्याकाठचा तुकडा भारी, काळा आणि ओल धरणारा आहे; वरच्या अंगाला उतार लागतो तिथे हातभर खणले की मुरूम लागतो. ९३-०५ ची खरी परीक्षा या वरच्या तुकड्यात झाली.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग शिवलेला असतो आणि त्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती तपासल्याची तारीख व वैधतेची मुदत दिलेली असते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्तीचे बंधन आहे. अनेक जण हा आकडा वाचून सोडून देतात, पण पेरणीचा सगळा हिशेब याच आकड्यावर बेतलेला आहे. दोन तासांत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल तर ३० किलो बियाण्यात अडीच लाख दाणे असतात आणि त्यांतील ७० टक्के उगवले की पावणेदोन लाख झाडे मिळतात. एकरी ३० किलोची शिफारस हवेतून आलेली नाही, हे यावरून ध्यानात यावे. ९३-०५ चा दाणा मध्यम असल्यामुळे ही शिफारस त्याला चपखल लागू पडते. एखाद्या टपोऱ्या दाण्याच्या वाणाचे शंभर दाणे १५ ग्रॅम भरत असतील, तर त्याच ३० किलोंत दोनच लाख दाणे येतात आणि त्याच उगवणशक्तीवर झाडे १ लाख ४० हजारांवर घसरतात. दाणा टपोरा म्हणून हौसेने वाण निवडायचा आणि किलोचे प्रमाण मात्र जुनेच ठेवायचे, हा प्रकार मी आमच्या शिवारात दरवर्षी पाहतो आणि नंतर दोष वाणाला दिला जातो.

उगवणीबाबत या वाणाविषयी माझी तक्रार नाही. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल मुळातच नाजूक असते, पिशवी उंचावरून आपटली तरी आतला अंकुर दुखावतो. हे सगळ्याच वाणांना लागू आहे. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजणे आणि मगच तिफणीला किंवा पेरणी यंत्राला बियाणे लावणे, हा नेम पिशवी कितीही चांगली असली तरी मोडू नये.

आता या वाणाची ओळख जिच्यामुळे आहे त्या गोष्टीकडे वळतो. पीक डवरणीला आले की ९३-०५ चे पान लांबट, अरुंद आणि टोकाकडे निमुळते दिसते, तर शेजारचे ३३५ चे पान रुंद असते. पहिल्या वर्षी धुऱ्यावरून जाणाऱ्या एका शेजाऱ्याने थांबून विचारले होते, “भाऊ, पान असं निमुयतं कावून दिसते? रोग तं नाही न लागला?” रोग नव्हता. या पानाचा आणि चार दाण्यांच्या शेंगेचा संबंध थेट जनुकाशी आहे, आणि तेलबियांच्या अभ्यासात इतका स्वच्छ उलगडलेला संबंध क्वचितच सापडतो.

सोयाबीनच्या पेशीत गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात. त्यांतील विसाव्या गुणसूत्रावर पानाची रुंदी ठरवणारी एक जागा आहे, तिला अभ्यासक ‘एलएन’ म्हणतात. अरुंद पानाच्या झाडांत शेंगेतील दाण्यांची संख्या वाढलेली असते, हे निरीक्षण पैदासकारांकडे फार वर्षांपासून होते. प्रश्न असा होता की पानाचे आणि दाण्याचे असे दोन वेगळे जनुक शेजारी-शेजारी असल्यामुळे दोन्ही गुण सोबत येतात, की एकच जनुक दोन्ही कामे करते. कोरियातील संशोधकांनी २०१२ मध्ये या जागेवरचे जनुक शोधून काढले आणि एकच जनुक दोन्ही गुण ठरवते, हे दाखवून दिले. पानाची कड कोणत्या दिशेने व किती वाढावी याचे नियंत्रण करणारे एक प्रथिन हे जनुक घडवते आणि तेच प्रथिन फुलाच्या आतील अंडाशयाच्या घडणीतही हात घालते. रुंद पानाच्या व अरुंद पानाच्या झाडांत फरक आहे तो या प्रथिनाच्या साखळीतील एका कडीचा. नवव्या स्थानावरचे एक अमिनो आम्ल बदलले की पान निमुळते होते आणि शेंगेत चौथ्या दाण्याला जागा मिळते. ९३-०५ मध्ये ही दोन्ही लक्षणे एकत्र नांदतात. जे पान पाहून शेजाऱ्याला रोगाची शंका आली होती, तेच पान पुढे भरणाऱ्या शेंगेची खूण आहे, आणि ती खूण फूल लागण्याच्या कितीतरी आधी दिसते.

याचा एक व्यावहारिक फायदाही आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. ३३५ आणि ९३-०५ दोन्हींची फुले जांभळी असल्यामुळे फुलावरून भेसळ ओळखू येत नाही. पानावरून मात्र अगदी नवखा माणूसही ओळखू शकतो. पीक गुडघ्याइतके झाले की तासातून चालत जायचे आणि रुंद पानाची झाडे उपटून काढायची. घरचे बियाणे राखणाऱ्याला यापेक्षा सोपी शुद्धतेची कसोटी मिळणार नाही.

मात्र चार दाण्यांची शेंग म्हणजे एकरी उत्पादन वाढलेच, असा अर्थ लावणे धोक्याचे आहे, आणि इथेच हा वाण विकणारे थोडी अतिशयोक्ती करतात. शेंगा भरल्यानंतर वरच्या तुकड्यातून दोन्ही वाणांचे एकेक साधारण सारख्या उंचीचे झाड उपटून मी घरी ओसरीवर बसून शेंगा मोजल्या. ९३-०५ च्या झाडाला ३१ शेंगा होत्या. त्यांत चार दाण्यांच्या ६, तीन दाण्यांच्या १४, दोन दाण्यांच्या ८ आणि एका दाण्याच्या ३ निघाल्या, म्हणजे दाणे ८५. तीनशे पस्तीसच्या झाडाला शेंगा ३४ होत्या, चार दाण्यांची एकही नव्हती, तीन दाण्यांच्या १७, दोनच्या १३ आणि एकाच्या ४, म्हणजे दाणे ८१. शेंगेमागे दाण्यांची सरासरी एकीकडे २.७४ आणि दुसरीकडे २.३८, हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे; पण झाडावरचे एकूण दाणे मोजले तर अंतर केवळ चार दाण्यांचे उरते, कारण जिथे शेंगेत दाणे वाढले तिथे शेंगांची संख्या कमी झाली. दोन झाडांवरून वाणाचा न्याय होत नाही हे मला मान्य आहे, तरी जे दिसले ते पैदासशास्त्राला धरूनच होते. केवळ पानाच्या जनुकात फरक असलेल्या आणि बाकी सर्व बाबतींत सारख्या अशा जोड-वाणांच्या तुलनांमध्येही अरुंद पानामुळे दाण्यांची संख्या वाढते, परंतु उत्पादनात ठाम आणि कायमचा फरक पडत नाही, असेच आढळलेले आहे.

याचे कारण असे की सोयाबीनचे उत्पादन हा चार संख्यांचा गुणाकार आहे: एकरातील झाडे, झाडावरील शेंगा, शेंगेतील दाणे आणि दाण्याचे वजन. झाडाने दिवसभरात पानांतून तयार केलेले अन्न मर्यादित असते, आणि एका संख्येला जास्त वाटा मिळाला की दुसरीचा कमी होतो. पैदासकाराला हे गुण एकमेकांपासून सोडवून वेगवेगळे वाढवता येत नाहीत, हीच या पिकातील सर्वांत मोठी अडचण आहे. दाण्याचे वजन आणि फुलोऱ्याचे दिवस हे आनुवंशिकतेत घट्ट असतात, म्हणजे शेत बदलले तरी ते फारसे हलत नाहीत. उत्पादन मात्र अनेक जनुकांच्या लहान-लहान परिणामांची बेरीज असते, आणि त्या प्रत्येक परिणामावर शेताची छाया पडते. सोयाबीनचा संपूर्ण जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ४६ हजारांहून अधिक जनुके मोजली गेली आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश जनुकांच्या एकाहून अधिक प्रती असल्याचे दिसले, कारण या पिकाच्या पूर्वजांचा जनुकसंच दोनदा, सुमारे ५ कोटी ९० लाख आणि १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, दुप्पट झाला होता. एक प्रत बदलली तरी दुसरी तिचे काम सांभाळून घेते. उत्पादनाचे एखादे एकच ‘जादूचे’ जनुक सापडत नाही, त्याला हेही एक कारण आहे. म्हणून एकरी इतके क्विंटल असे छापील वाक्य मी बाजूला ठेवतो, आणि पक्वतेचे दिवस, वाढीची पद्धत, शेंग फुटण्याची सवय यांच्याकडे पाहतो.

पक्वतेचे दिवस हा ९३-०५ चा सर्वांत मोलाचा गुण आहे. हा वाण ९० ते ९५ दिवसांत तयार होतो, तर ३३५ ला ९५ ते १०० दिवस लागतात. अंतर आठवड्याभराचे दिसते, पण हलक्या जमिनीत त्या आठवड्याला फार किंमत असते. आमच्याकडे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात पावसाने ताण दिला की मुरमाड तुकड्यातली ओल दहा-बारा दिवसांत संपते. त्या वेळी ज्या पिकाच्या शेंगा भरत आलेल्या असतात ते वाचते आणि ज्याच्या शेंगा नुकत्या लागलेल्या असतात त्याचा दाणा बारीक राहतो. ताणाच्या वर्षी वरच्या तुकड्यात ९३-०५ ने ३३५ ला स्पष्ट मागे टाकलेले मी पाहिले, आणि तो फरक चार दाण्यांच्या शेंगेचा नव्हता, वेळेचा होता. सोंगणी लवकर झाल्यामुळे जमिनीत ओल असताना हरभरा पेरता आला, हा लाभ तर सोयाबीनच्या उताऱ्यात धरलाच जात नाही, पण घरच्या हिशेबात तो धरावा लागतो.

हे दिवस कोण ठरवते, तेही समजून घेण्याजोगे आहे. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक आहे. दिवस एका मर्यादेपेक्षा लहान होऊ लागला की ते फुलावर येते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीन यांवरूनच वनस्पतींचे हे दिवसमानाचे भान जगापुढे मांडले होते. वेगवेगळ्या तारखांना पेरलेले बिलॉक्सी नावाचे सोयाबीन जवळपास एकाच सुमारास फुलावर येते, हे त्यांनी पाहिले. आज या भानामागची जनुके ओळखीची झाली आहेत. त्यांना ई-१, ई-२, ई-३, ई-४ अशी नावे आहेत. ई-३ आणि ई-४ ही प्रकाशाची जाणीव करून देणारी प्रथिने घडवतात, ई-१ मोठ्या दिवसांत फुलोरा रोखून धरते. यांची कोणती रूपे वाणात आहेत, त्यावर तो वाण ९० दिवसांचा की ११० दिवसांचा हे बऱ्याच अंशी ठरते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट अशी की पेरणी लांबली तर पीक तेवढ्या दिवसांनी पुढे सरकत नाही, ते आखडते. जूनच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि पुढे तो लहान-लहान होत जातो. जुलैच्या मध्यानंतर पेरलेल्या झाडाला पेरे धरायला पुरेसे दिवस मिळण्याआधीच फुलोऱ्याचा इशारा मिळतो. झाड खुजे राहते, पेरी कमी, म्हणून शेंगा कमी. ९३-०५ मुळातच कमी दिवसांचा असल्यामुळे उशिराच्या पेरणीत त्याची उंची आणखी कमी भरते. अशा वर्षी तासांतील अंतर ४५ ऐवजी ३० सेंटिमीटरवर आणून एकरातील झाडे वाढवावीत, कारण गुणाकारातील तेवढी एकच संख्या त्या वेळी आपल्या हातात असते. अरुंद पानांमुळे खालच्या पेऱ्यांपर्यंत ऊन पोहोचते, तेव्हा दाट पेरणी या वाणाला रुंद पानाच्या वाणांपेक्षा बरी सोसते असे माझे मत झाले आहे. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: जमीन लवकर झाकली जात नाही, तासांमधून तण वर येते, आणि ४५ सेंटिमीटरवर पेरले तर एक डवरणी जास्तीची धरून ठेवावी लागते.

लवकर येण्याचा जो लाभ, तोच चांगल्या पावसाच्या वर्षी तोटा होतो. जूनच्या मध्यात पेरणी साधली तर ९३-०५ सप्टेंबरच्या मध्यात किंवा त्यानंतर लगेच काढणीला येतो, आणि मान्सून आपल्या भागातून ऑक्टोबर लागल्याशिवाय सहसा माघारी जात नाही. पिवळ्या पडलेल्या शेंगांवर आठवडाभर रिपरिप झाली की दाणा डागी होतो, काही शेंगांत कोंब फुटतात, आणि बाजार समितीत अडत्या हातात दाणे घेताच भाव पाडतो. एका वर्षी आमच्या वरच्या तुकड्यातील पूर्ण माल असा काळपट निघाला, तर दहा दिवस मागे असलेला शेजाऱ्याचा जास्त दिवसांचा वाण उघडीप मिळून स्वच्छ घरी गेला. ज्यांच्याकडे ताडपत्री, सोंगणीला माणसे आणि मळणीचे यंत्र वेळेवर मिळण्याची सोय नाही, त्यांनी सगळे रान या एकाच वाणाखाली घेऊ नये.

भारी जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. नाल्याकाठच्या तुकड्यात ओल ऑक्टोबरपर्यंत टिकते. तिथे ९० दिवसांत संपणारा वाण पेरणे म्हणजे जमिनीची उरलेली ताकद न वापरता सोडून देणे होय. अशा ठिकाणी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले संगम किंवा त्यासारखे शंभरहून अधिक दिवसांचे वाण जास्त पेरी, जास्त शेंगा आणि टपोरा दाणा देऊ शकतात. खाली ९३-०५ पेरून पाहिले तेव्हा उतारा वाईट आला नाही, पण ३३५ च्या मागेच राहिला. वरच्या तुकड्यात मात्र गोष्ट उलटी असते.

वाढीच्या पद्धतीने हा वाण अर्धनिश्चित गटात मोडतो, म्हणजे फुलोरा सुरू झाल्यावरही शेंडा काही दिवस वाढत राहतो आणि मग थांबतो. सोयाबीनच्या शेंड्याने किती काळ वाढायचे हे मुख्यतः डीटी-१ आणि डीटी-२ या जनुकांवर अवलंबून असते. डीटी-१ चालू असेल तर शेंडा वाढत राहतो आणि डीटी-२ त्याला मध्येच लगाम घालते. फुले एकदम न येता काही दिवसांत विभागून येत असल्यामुळे मधल्या उघडिपीत थोडी फुले गळाली तरी वरच्या पेऱ्यांवर भरपाईची आशा राहते. झाड लोळत नाही, हाही याचा फायदा.

शेंगा फुटण्याच्या बाबतीत या वाणाला पूर्ण गुण द्यावे लागतील. काढणीला चार-पाच दिवस उशीर झाला आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली, की काही वाणांच्या शेंगा उभ्या पिकातच तडकतात आणि सोंगणी करताना जमिनीवर दाण्यांचा सडा पडलेला दिसतो. शेंगेची टरफले वाळताना पिळलेल्या सुंभासारखी उलट्या दिशांना वळू पाहतात. हा पीळ शिवणीपेक्षा बलवान ठरला की शेंग फुटते. रानटी सोयाबीनला बी दूर उडवण्यासाठी हे हवेच असते. माणसाने शेती करताना या स्वभावावर दोन बाजूंनी मात केली. शिवणीजवळच्या पेशींच्या भिंती जाड करून शिवण घट्ट करणारे जनुक चिनी संशोधकांनी २०१४ मध्ये ओळखले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी पिळाचे जनुक शोधले, ज्याचे नाव पीडीएच-१, आणि हे जनुक बिघडलेले असेल तर टरफलाचा पीळ कमी होऊन कोरड्या हवेतही शेंग मिटलेली राहते, असे दाखवले. ९३-०५ हा न फुटणाऱ्या शेंगांचा वाण म्हणूनच शिफारस झालेला आहे आणि शेतात तो त्या शब्दाला जागतो. मजूर मिळायला उशीर झाला तरी जमिनीवर नगण्य दाणे सापडले. उत्पादन मोजताना झाडावरचे दाणे सगळेच मोजतात, पण घरात किती आले हे शेंगेच्या शिवणीवरही ठरते, म्हणून मी या गुणाला चार दाण्यांच्या शेंगेपेक्षा वरचे स्थान देतो.

रोगांच्या बाबतीत हा वाण आपल्या वयाचा आहे, एवढे म्हणणे पुरेसे होईल. २०२३ च्या सप्टेंबरात विदर्भातील अनेक जिल्ह्यांत पिवळा मोझॅक या विषाणूरोगाने आणि मूळकुजीने सोयाबीन पिवळे पडले, तेव्हा आमच्या शिवारातील जुने वाणही त्यातून सुटले नाहीत. मोझॅक पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर सुरुवातीपासून लक्ष ठेवणे आणि बीजप्रक्रिया न टाळणे, ही दोन कामे करायची तयारी नसेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अलीकडच्या वाणांचा विचार आधी करावा.

तेलाबद्दल थोडे. सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, आणि यांतील एक वाढवले की दुसरे घटते, हे या पिकाच्या आनुवंशिकतेतील जुने दुखणे आहे. या ओढाताणीत मोठा वाटा असलेली एक जागा पुन्हा त्याच विसाव्या गुणसूत्रावर आहे. तेल गाळणाऱ्याला अर्ध्या टक्क्याचाही फरक महत्त्वाचा असतो. आपल्याला मात्र बाजारात भाव मिळतो तो वजन, ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणा पाहून. १२ टक्के ओलाव्याची अट पाळली नाही तर माल परत येतो, पण तेल जास्त आहे म्हणून कोणी पाच रुपये वाढवून दिल्याचे मी पाहिलेले नाही. हे चित्र बदलत नाही तोवर तेलाच्या टक्क्यावरून वाण निवडण्याचे शेतकऱ्याला कारण उरत नाही, आणि तेलबिया म्हणून मिरवणाऱ्या पिकाच्या बाबतीत ही स्थिती खेदाची आहे.

किमतीचा विचार करता या वाणाची पिशवी एकदा घेतली की ती दरवर्षी घ्यावी लागत नाही, ही गोष्ट मी जमेच्या बाजूला ठेवीन. सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच त्यात स्वपरागीभवन होऊन जाते आणि परपरागीभवन एक टक्क्याच्याही आत राहते. त्यामुळे पुढच्या पिढीत वाणाचे गुण विस्कटत नाहीत. बियाणे बिघडते ते मळणीत आणि साठवणीत. बियाण्यासाठी राखायचा माल वेगळा सोंगावा, दाण्यात १३-१४ टक्के ओलावा असताना मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला साडेतीनशे ते चारशेवर ठेवून काढावा आणि पोत्यांची थप्पी उंच लावू नये. एवढे पाळले तर निळ्या टॅगच्या एका पिशवीपासून दोन-तीन हंगामांचे बियाणे घरात तयार होते.

माझी शिफारस जमिनीनुसार आहे. मध्यम ते हलकी, उताराची, ओलिताची सोय नसलेली जमीन असेल आणि सोयाबीननंतर हरभरा घ्यायचा असेल, तर जेएस ९३-०५ आजही घेण्यासारखा आहे, आणि त्याला मी पाचपैकी चार गुण देईन. खोल काळ्या जमिनीत तीनच देईन आणि तिथे जास्त दिवसांचा वाण सुचवीन. पेरणी जूनच्या अखेरच्या आठवड्यात आली तर अंतर ३० ते ३५ सेंटिमीटर ठेवावे, बियाणे त्या प्रमाणात वाढवावे आणि काढणीची ताडपत्री ऑगस्टमध्येच आणून ठेवावी. दुकानात पिशवी घेताना टॅगवरची उगवण तपासणीची तारीख आणि वैधतेची मुदत स्वतः वाचावी, पावतीवर लॉट क्रमांक लिहून घ्यावा आणि पेरणीआधी मूठभर दाणे बाजूला काढून ठेवावेत. पुढे उगवणीची तक्रार करण्याची वेळ आली तर कृषी अधिकारी पावती, टॅग आणि पिशवीतील उरलेले बियाणे यांचीच मागणी करतात.